घरची अवजारे : गवतयंत्राचे पोट

खंडेनवमीला आपण घरातील अवजारे पुसून त्यांना हळदकुंकू वाहतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, जेथे जेथे आपली घरे रुजली तेथे ही रीतही आपल्याबरोबर गेली. ज्या घरांत किंवा वसाहतींत हिरवळ राखली जाते, तेथे विळी, हातोडी, कुदळ यांच्या पंक्तीला आता गवत कापण्याचे यंत्रही येऊन बसले आहे. त्याची वरची बाजू आपण पुसतो, फूलही तेथेच ठेवतो. यंत्र आडवे करून त्याचे पोट मात्र क्वचितच कोणी पाहतो, आणि त्या यंत्राचे आयुष्य तर तेथेच ठरत असते.

१८३० साली इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी पेटंट घेतलेले पहिले यंत्र कात्रीच्या तत्त्वावर चालणारे, रुळाचे होते. ते उघडेच असे. आज घरोघर दिसते ते आडव्या फिरत्या पात्याचे यंत्र. त्याचे पाते एखाद्या पालथ्या परातीसारख्या पत्र्याच्या कवचाखाली गरगर फिरते. अठरा इंची पाते मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होतो. अशा पात्याखाली सुपारीएवढा खडा सापडला तर तो कोठे जाईल, याचा विचार करावा. त्याला अडवतो तो हा पत्रा. म्हणून पत्र्याला लागलेला गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेचाही तो प्रश्न आहे.

गंजाला हवा आणि पाणी एवढेच लागते, आणि येथे दोन्ही मुबलक. ताज्या गवताच्या वजनाचा बहुतांश भाग पाणीच असतो. कापलेल्या गवताचा ओला थर पत्र्याला पोटिसासारखा चिकटून राहतो. त्यात खताचे क्षार मिसळले की गंज अधिकच जोमाने चढतो. शिवाय वाळूचे कण वेगाने आपटून रंग खरवडतात. मूळ लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. त्यामुळे एकदा तो रंगाखाली शिरला की शेजारच्या चांगल्या रंगालाही उचलून टाकतो. यास्तव गंजावरून दिलेला रंग फार काळ टिकत नाही.

या कामाला दसऱ्यानंतरचे कोरडे ऊन उत्तम. पावसाळी दमट हवेत लावलेला रंग नीट धरत नाही. यंत्र आडवे करण्यापूर्वी एक नियम कटाक्षाने पाळावा. पेट्रोलचे यंत्र असेल तर स्पार्क प्लगची तार काढून बाजूला बांधावी आणि टाकी रिकामी करावी. विजेचे असेल तर प्लग भिंतीतून काढावा. बॅटरीचे असेल तर बॅटरी दुसऱ्या खोलीत ठेवावी. पेट्रोलचे यंत्र कलंडताना कार्ब्युरेटर व हवेची गाळणी वरच्या अंगाला राहावी, नाहीतर गाळणीत तेल उतरते. पाते उतरवताना हातमोजे हवेतच.

वाळलेले गवत लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, साबणाच्या पाण्याने पोट धुवावे आणि यंत्र दोन दिवस उन्हात ठेवावे. विजेच्या यंत्रावर नळी मात्र धरू नये. ओल्या फडक्याने पुसावे. मग तारेचा ब्रश आणि एमरी पेपर घेऊन सुटा गंज व उचललेला रंग पार काढावा. या वेळी नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा. खाचांत उरलेल्या गंजासाठी बाजारात टॅनिक आम्ल असलेली द्रावणे मिळतात. ती लावताच गंज काळा पडून स्थिर होतो. हिरड्याचा तुरट अर्क आणि लोखंड यांपासून जुन्या काळी काळी शाई करीत, त्याच जातीची ही क्रिया आहे.

एवढे झाल्यावर पत्रा बोटाने दाबून आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहावा. टोक आत रुतले किंवा पत्रा दबला, तर रंगाचा डबा उघडूच नये. मेणासारख्या लुकणाने भोक बुजवून वर रंग फासला, तर धोका नाहीसा होत नाही, तो फक्त झाकला जातो. असे कवच बदलावे, नाहीतर यंत्र भंगारात द्यावे.

पत्रा शाबूत असेल तर तो टर्पेंटाइनने पुसून त्याच दिवशी प्रायमर लावावा, कारण उघडे लोखंड रात्रीतून पुन्हा तांबूस होते. आपल्या आजोबांच्या पिढीत लोखंडाला अळशीच्या तेलात शेंदूर खलून लावीत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. गंज रोखण्यात ते नामी खरे, पण मुलांच्या मेंदूला शिसे घातक असते. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आहे. माळ्यावरचा त्याआधीचा डबा त्यामुळे वापरू नये. जुना रंग घासायचा तर पाणी लावून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. पिवळ्या झिंक क्रोमेटपेक्षा झिंक फॉस्फेटचा किंवा रेड ऑक्साइडचा प्रायमर घ्यावा, कारण क्रोमेट कर्करोगकारक आहे.

प्रायमरचे दोन आणि इनॅमलचे दोन असे पातळ हात द्यावेत. एकच जाड हात आतून ओला राहून पुढे सुटतो. पात्याचा आस, त्याचा बोल्ट आणि मोटारीची हवेची भोके यांना रंग लागू देऊ नये. शेवटच्या हातानंतर आठ दिवस यंत्राला विश्रांती द्यावी. पाते परत बसवण्याआधी त्याचे मधले भोक भिंतीतील खिळ्यात अडकवून पाहावे. जे टोक खाली जाईल ते जड, तेवढेच कानशीने घासावे. अॅल्युमिनियमच्या कवचाला निराळा प्रायमर लागतो, आणि प्लास्टिकच्या कवचाला रंगाची गरजच नसते.

एवढे करूनही पात्याच्या टोकासमोरचा रंग वर्ष-दोन वर्षांत झिजणारच. इंजिनचे जळके तेल चोपडून त्याला वाचवण्याचा मार्ग काहीजण सुचवतात. पण ते तेल हिरवळीवर ठिबकून गवत जाळते आणि त्वचेलाही अपायकारक असते. त्याऐवजी दर कापणीनंतर प्लग काढून पाच मिनिटे पोट खरवडावे, पुसावे आणि यंत्र कोरड्या जागी उभे करावे. बागेचे काम माळीबुवांकडे असेल, तर ही पाच मिनिटे त्यांच्या कामाच्या वेळात धरावीत आणि हातमोजे घरमालकाने द्यावेत, अशी आमची विनंती आहे. पाते फिरत असते तेव्हा त्या पत्र्याच्या सर्वांत जवळ तेच उभे असतात.