अळू नव्हे, लिग्युलारिया!

गेल्या ऑगस्टमध्ये आमची आई रत्नागिरीहून इथे इंग्लंडात आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मागच्या अंगणातून तिची हाक आली, "अरे, अळू एवढं माजलंय आणि तुम्ही दुकानातून गोठवलेली पानं आणता?" आम्ही चहा तसाच ठेवून धावलो, तोवर चार पानं खुडून झाली होती. ते अळू नव्हतं, लिग्युलारिया होतं. त्याच्या वड्या कोणीही करू नयेत. का, ते पुढे सांगतोच.

आधी मुद्द्याचं. या वर्षी मंडळातल्या तीन घरांनी मागचं अंगण फरशीखाली घातलं. कारण एकच: "उत्तरेकडची बाजू, ऊन नाही, कायम ओल. तिथे काय उगवणार?" आमचंही अंगण तसंच. पहिली चार वर्षं आम्ही तिथे मोगरा लावला, तुळस लावली, कढीलिंब लावला, आणि दर हिवाळ्यात त्यांचं सुतक पाळलं. दोष जागेचा नव्हता, आमच्या हट्टाचा होता. ओली सावली ज्याला आवडते तेच तिथे लावायला हवं, हे कळायला डॉक्टरेट उपयोगी पडली नाही.

लिग्युलारिया मूळचं चीन-जपानकडचं, म्हणजे तेही आपल्यासारखं बाहेरून आलेलं. घराणं मात्र ओळखीचं: झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांचंच. 'डेस्डेमोना' या जातीची पानं ताटलीएवढी, खालून जांभळट. उन्हाळा सरता सरता नारिंगी फुलं येतात. 'द रॉकेट'ला काळसर दांड्यांवर पिवळे तुरे येतात आणि ते माणसाच्या उंचीला पोचतात. फुलांवर मधमाश्या येतात. हिवाळ्यात झाड जमिनीत गडप होतं, वसंतात परत वर येतं. मेलं समजून उपटू नका.

त्याची मागणी एकच, पाणी. जमिनीत कुजलेला पाला भरपूर घाला आणि ती कोरडी पडू देऊ नका. दुपारचं ऊन लागलं की ओल असूनही पानं माना टाकतात, कारण पानांतून पाणी उडतं त्या वेगानं मुळं ते पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ होतात. मोठ्या झाडाखालची कोरडी सावली मात्र याला चालत नाही. २०२२ च्या जुलैत पारा ४० अंशांवर गेला तेव्हा आम्ही भांडी धुतलेलं पाणी घालून ते जगवलं.

दुसरा शत्रू म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी. कोवळी पानं त्या एका रात्रीत चाळणी करतात. गराजमध्ये जुन्या गोळ्यांचा डबा असेल तर त्यावरचं नाव वाचा. मेटाल्डिहाइड असेल तर ते बागेत वापरायला २०२२ च्या वसंतापासून ब्रिटनमध्ये बंदी आहे. कुत्री, साळू, पक्षी यांना ते घातक आहे. डबा कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावा. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. आम्ही रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचतो, मुलांना तो खेळच वाटतो.

आता वड्यांचं. अळवाची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते. चिंच आणि नीट शिजवणं यांनी ती आटोक्यात येते. लिग्युलारियात पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात. ती यकृताला अपाय करतात आणि चिंच घालून किंवा उकडून त्यांचा भरवसा धरता येत नाही. इथल्या कुरणांत घोड्यांना विषारी ठरणारं पिवळं रॅगवर्ट याचंच जवळचं नातेवाईक. ओळख सोपी आहे. अळवाचा देठ पानाच्या पाठीला, कडेपासून आत जोडलेला असतो आणि पानाची कड सरळ असते. लिग्युलारियाचा देठ पानाच्या खाचेत कडेलाच जोडलेला असतो आणि कडेला दाते असतात. पाहुण्या आयांना आणि घरच्या मुलांना हे पहिल्याच दिवशी दाखवा.

मग असलं झाड लावावंच कशाला, असं कोणी विचारेल. आमचं मत असं की आपण या देशात अळवावरच्या पाण्यासारखे राहतो. वीस वर्षं झाली तरी पान काही भिजत नाही. इथल्या मातीत गावाकडचं काही आलं नाही की आपण फरशी घालून मोकळे होतो. मोगरा खिडकीत कुंडीत ठेवावा, आम्हीही ठेवतो. पण बाहेरची माती काय मागते, तेही एकदा तिला विचारावं. आमच्या शेजारच्या आजोबांशी सहा वर्षांत हवेपलीकडे बोलणं झालं नव्हतं. या झाडाचा एक तुकडा त्यांनीच कुंपणावरून दिला आणि तेव्हापासून बोलणं थांबलेलं नाही.

वसंतात आमचा गड्डा फोडायचा आहे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला तुकडे घेऊन येऊ, हवा त्यांनी न्यावा. ज्यांनी अजून फरशी घातली नाही त्यांना पहिला मान. अट एकच: पातेल्यात घालायचं नाही. आईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "एवढं मोठं पान, आणि खायचं नाही!" पण जाण्याआधी रोज संध्याकाळी त्याला पाणी तीच घालत होती.