आधी नावं सांगा

लोणी-धामणी पट्ट्यातल्या कुठल्याही ग्रुपवर तुम्ही असाल, तर हा मेसेज तुम्हाला नक्की आलेला आहे. रात्री दहाच्या सुमाराला एक क्लिप पडते. विहिरीच्या कडेने बिबट्या चाललाय, मागे कोणीतरी दबक्या आवाजात ‘थांब, थांब’ म्हणतंय, आणि खाली ओळ : ‘आत्ताच, आपल्याच भागात. सगळ्यांना पाठवा.’ आपला भाग म्हणजे कुठला? पाहिलं कोणी? किती वाजता? यातलं काहीच नसतं. तरी दहा मिनिटांत ती क्लिप मंचर, पारगाव, अवसरी फिरून आपल्याच दुसऱ्या ग्रुपवर परत येते. आणि आता ती दोन ठिकाणांहून आली म्हणून जास्तच खरी वाटायला लागते.

बिबट्या हा आपल्याकडे गमतीचा विषय नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत. शेतीची लाइट रात्रीची असली की पाणी धरायला कोणाला तरी उठून जावंच लागतं. त्या माणसाला खरी खबर हवी असते. चार खोट्या क्लिप बघून झाल्यावर पाचवी खरी आली, तर तो ती उघडतसुद्धा नाही. बॅटरी उचलतो आणि निघतो. ‘काळजी म्हणून पाठवलं’ असं आपण म्हणतो खरं, पण या माणसाची काळजी त्यात कुठे असते?

‘पाहिलं कोणी?’ हा साधा प्रश्न. पण या एका प्रश्नावर तेराशे वर्षांपूर्वी एक अख्खं शास्त्र उभं राहिलं, आणि त्याबद्दल आपल्याला शाळेत कोणी अक्षरही सांगितलं नाही. ते शास्त्र म्हणजे हदीस पारखण्याचं.

हदीस म्हणजे पैगंबर मुहंमद काय बोलले, कसे वागले, कशाला त्यांनी हरकत घेतली नाही, याच्या नोंदी. पैगंबर ६३२ मध्ये गेले. त्यांना पाहिलेली माणसं सिरिया, इराक, इजिप्तपर्यंत पांगली. पुढे यादवी झाली, गट पडले, आणि जो तो आपल्या सोयीचं वचन पैगंबरांच्या नावावर खपवू लागला. बसऱ्याचे विद्वान इब्न सीरीन यांनी नोंदवून ठेवलंय, की आधी लोक असं काही विचारत नसत, यादवी पेटल्यावर मात्र विचारू लागले : ज्यांच्याकडून ऐकलं त्यांची नावं सांगा. म्हणजे आधी अफवांनी घोळ घातला, मग शास्त्र आलं.

त्यामुळे प्रत्येक हदीसचे दोन भाग झाले. एक मजकूर, त्याला मतन म्हणतात. दुसरी त्याच्या आधीची साखळी, म्हणजे इस्नाद : मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याला ढमक्याने, आणि त्याने पैगंबरांना स्वतः ऐकलं. साखळीतल्या एकेका माणसाची चौकशी व्हायची. हा कधी जन्मला, कधी वारला? ज्याचं नाव सांगतो त्याच्या हयातीत हा होता का? दोघं कधी एका गावात होते का? याची स्मरणशक्ती कशी? व्यवहाराला कसा? हजारो माणसांची अशी चरित्रं लिहिली गेली. पुढे शेरे ठरले : भरवशाचा, खरा पण चुकणारा, कमकुवत, सोडून द्यावा असा, खोटारडा. साखळीत बायकाही होत्या. मक्केतल्या करीमा अल-मरवजिया या अकराव्या शतकातल्या विदुषीकडे बुखारींचं पुस्तक ऐकायला लांबलांबून विद्वान यायचे.

मला यातली बारकाई जास्त आवडते. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांची पुस्तकं म्हातारपणी जळाली असं सांगतात, आणि त्यानंतर त्यांच्या सांगण्यात गोंधळ होऊ लागला. मग पारखणाऱ्यांनी काय केलं? त्यांना सरसकट बाद केलं नाही. तुम्ही त्यांच्याकडून ऐकलं ते आधी की नंतर, एवढं विचारलं. आधीचं असेल तर वजन जास्त. दुसरी एक खोड होती, तिला तदलीस म्हणत. मधल्या कच्च्या माणसाचं नाव गाळायचं आणि थेट वरच्या मोठ्या नावावरून सांगायचं. असा माणूस ‘अमक्याकडून’ असं मोघम बोलला तर चालत नसे, ‘मी स्वतः ऐकलं’ असं स्पष्ट म्हणावं लागे. आणि एकच गोष्ट दहा जणांनी सांगितली, पण दहाही जणांनी ती एकाच माणसाकडून उचलली असेल, तर तिथपर्यंत तो एकच साक्षीदार धरायचा. वरची दोन ग्रुपवरून आलेली क्लिप आठवा.

खोटं रचणारे सगळे दुष्टच होते असं नाही. काही जण चांगल्या हेतूने रचायचे. लोकांनी कुराण जास्त वाचावं म्हणून अमका अध्याय वाचला की तमकं पुण्य मिळतं, असल्या हदीस रचल्याचा ठपका नूह इब्न अबी मरियम या आठव्या शतकातल्या माणसावर आहे. हेतू चांगला म्हणून त्याला कोणी सोडलं नाही. आपल्याकडे पु. ल., व. पु. आणि अब्दुल कलामांच्या नावावर रोज सकाळी जे सुविचार येतात, ते पाठवणाऱ्यांचाही हेतू चांगलाच असतो की! कलामांच्या फोटोखाली टाकलं की कुठलंही वाक्य शहाणं वाटतं. आणि गंमत म्हणजे ‘दहा जणांना पाठवा, चांगली बातमी येईल’ छापाच्या बनावट हदीससुद्धा आज मोबाइलवर फिरतातच. ज्यांच्या पूर्वजांनी हे शास्त्र उभं केलं तेही ते विसरलेत. त्या बाबतीत आपण सगळे सारखे.

या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव इमाम बुखारी (८१० ते ८७०). सहा लाख हदीसमधून निवडून त्यांनी आपला संग्रह केला असं सांगतात, आणि त्यात पुनरावृत्तीसह साधारण सव्वासात हजार आहेत. सहा लाख आकडा ऐकून दचकू नका. तिथे एकच मजकूर वेगळ्या साखळीने आला तर तो वेगळा मोजत. बगदादला त्यांची परीक्षा घेतल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. दहा जणांनी दहा-दहा हदीसच्या साखळ्या मुद्दाम उलटसुलट करून त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि बुखारींनी शंभरच्या शंभर जागेवर लावून दाखवल्या. भारी गोष्ट आहे. फक्त ती पहिल्यांदा लिहिणाऱ्या इब्न अदी यांनी ती ‘अनेक ज्येष्ठांकडून ऐकली’ असं म्हटलंय, नावं दिलेली नाहीत. म्हणजे खुद्द बुखारींच्या कसोटीला ही गोष्ट लावली तर जरा थांबावंच लागेल!

आता कोणी म्हणेल, हे अरबस्तानातलं, आपल्याला काय त्याचं. तर जरा भिवंडीला चला. दमास्कसमध्ये चौदाव्या शतकात अल-मिज्जी नावाचे विद्वान होऊन गेले. हदीसच्या सहा मुख्य ग्रंथांतल्या साखळ्यांची त्यांनी एक प्रचंड सूची केली, ‘तुहफत अल-अश्राफ’. पहिल्या साक्षीदाराचं नाव काढा, त्याच्याखाली त्याच्याकडून ऐकणारे, आणि ती हदीस कुठल्या ग्रंथात आहे हे लगेच सापडतं. आजच्या भाषेत सर्च इंजिनच. हा ग्रंथ हस्तलिखितांवरून शोधून, तपासून छापला अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी, आणि तो कैरो किंवा बैरूतला नाही, तर भिवंडीला. पहिला खंड १९६५ चा, पुढचे खंड यायला कित्येक वर्षं लागली. त्याच दशकात आठव्या शतकातल्या अब्दुल्लाह इब्न अल-मुबारक यांचं ‘किताब अल-जुहद’ छापून निघालं ते मालेगावात. संपादक उत्तर प्रदेशातल्या मऊचे हबीबुर्रहमान आजमी. हे इब्न अल-मुबारक म्हणजे साखळीला धर्माचाच भाग मानणारे गृहस्थ. भिवंडी आणि मालेगाव म्हटलं की आपल्याला यंत्रमाग आठवतात, दंगली आठवतात. हे आठवत नाही, कारण माहीतच नाही.

आणि खास आपलंच उदाहरण हवं असेल तर म्हाइंभट आहेत. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी, म्हणजे लीळा, म्हाइंभटांनी गोळा केल्या. ज्यांनी ती घटना पाहिली त्यांना गाठून विचारायचं, आणि मग नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. १२७८ च्या सुमाराचं हे ‘लीळाचरित्र’ मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ मानतात. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली, आणि ज्यांना ते पाठ होतं त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. तेव्हा त्यांनी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. हिराइसा असं सांगते, परशरामबास असं सांगतात, अशा नावानिशी फरक लिहून ठेवले. तुम्ही ग्रंथ उघडलात तर आजही ती नावं मजकुरात दिसतात. अरबस्तान आणि रिद्धपूर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. अडचण तीच होती, म्हणून उपायही जवळपास तोच निघाला.

हे शास्त्र अचूक होतं असा माझा दावा नाही. मजकूर रचणारा साखळीही रचू शकतो. योझेफ शाख्त या अभ्यासकाने १९५० मध्ये अशीच शंका घेतली, की बऱ्याच साखळ्या नंतर मागे वाढवत नेलेल्या आहेत, आणि तो वाद आजही चालू आहे. पण लक्षात घ्या, वाद घालायला तिथे काहीतरी आहे. नावं आहेत. चूक शोधायची तर कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आपल्या मोबाइलवर नेमकं तेच नाही. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली. ती खूण सांगते की मेसेज कोणाकडून तरी आलाय. कोणाकडून, ते सांगत नाही. साखळी आहे, पण सगळी नावं खोडलेली. ही खूण आली त्याच महिन्यात, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा. त्या काळात देशभर फिरलेल्या क्लिपपैकी एका क्लिपमध्ये मोटारसायकलवरून दोघं एका मुलाला उचलून नेताना दिसायचे. तिचा माग काढल्यावर ती कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधली निघाली. मूळ फिल्ममध्ये ते दोघं लगेच मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावं म्हणून फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला होता. मतन अर्धं, इस्नाद शून्य.

मग करायचं काय? तुम्ही मोबाइलवाली पिढी, क्लिपचा माग काढणं तुम्हाला दोन मिनिटांचं काम आहे. स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्सला टाका, जुनी तारीख समोर येते. अडतं ते पुढे. कारण मेसेज टाकणारा परका नसतो. तो चुलता असतो, मामा असतो, ग्रुपचा ॲडमिन असतो, माजी सरपंच असतो. त्यांना सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हणायचं तर जीभ उचलत नाही, आणि म्हणून बहुतेक जण नुसता अंगठा टाकून मोकळे होतात.

इथे मला अली इब्न अल-मदीनी आठवतात. बुखारींचे गुरू, नवव्या शतकातले. त्यांचे वडीलही हदीस सांगत. लोकांनी अलींना विचारलं, तुमच्या वडिलांचं सांगणं कितपत भरवशाचं? ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला तरी विचारा. लोक हटेनात. तेव्हा मान खाली घालून बसले, आणि मग सांगितलं, की हा धर्माचा मामला आहे, माझे वडील कमकुवत आहेत. ही नोंद चरित्रकोशांत त्यांच्या वडिलांच्या नावापुढे आजही आहे. वडिलांशी नातं तोडलं नाही, त्यांना खोटारडंही म्हटलं नाही. ठरलेला शेरा होता, तोच दिला.

चुलत्यांना ग्रुपवर तोंडघशी पाडायची गरज नाही. त्यांना वेगळा फोन करा आणि एवढंच विचारा : काका, तुम्हाला ही क्लिप कोणी पाठवली? ते नाव सांगतील. त्याला विचारा. तिसऱ्या-चौथ्या फोनला एकतर कोणाच्या तरी मळ्यातला, स्वतःच्या डोळ्यांनी बिबट्या बघितलेला माणूस भेटेल, मग त्याचं नाव, जागा आणि वेळ घालून मेसेज पुन्हा टाका आणि वनविभागाला कळवा. नाहीतर ‘अरे, मलापण असंच आलं होतं’ असं म्हणणारा भेटेल. तेव्हा ग्रुपवर तेवढंच लिहा : ही क्लिप कोणी काढली ते सापडलं नाही.