परिचर्येला वयाची अट किती?

बंदूक घेऊन सीमेवर उभा राहणारा जवान आणि त्याच्या जखमा बांधणारी परिचारिका, या दोघांचे वय एकाच मापाने मोजावे काय? अमेरिकेचे उदाहरण विचारार्ह आहे. तेथील भूदलाने २००६ साली भरतीची कमाल वयोमर्यादा ३५ वरून ४२ वर नेली. २०११ साली ती पुन्हा ३५ वर आणली. नंतर नौदलाने २०२२ मध्ये ४१, तर वायुदलाने २०२३ मध्ये ४२ वर्षांपर्यंत दार उघडले.

मात्र प्रवेश मिळाला म्हणजे अनुभवाची कदर झाली असे नव्हे. अमेरिकी भूदलात पदवीधर परिचारिका अधिकारी होते. अल्प मुदतीचे शिक्षण घेतलेली परवानाधारक 'प्रॅक्टिकल नर्स' साध्या सैनिकाच्या दर्जाने दाखल होते. पंधरा वर्षे रुग्णसेवा केलेल्या स्त्रीलाही अठरा वर्षांच्या मुलांसमवेत दहा आठवड्यांचे प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण घ्यावे लागते.

आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये परिचारिका अधिकारी म्हणूनच रुजू होते, ही निश्चितच अभिमानाची बाब आहे. परंतु २०२३ च्या भरतीत पदवी अनिवार्य होती आणि वयोमर्यादा होती ३५. केवळ पदविका असलेल्या अनुभवी परिचारिकेला तेथे वाव नव्हता. घरसंसार सांभाळून ती पदवी मिळवते, तोवर वय उलटून जाते.

शारीरिक क्षमतेची कसोटी अवश्य घ्यावी. पण निदान सैनिकी रुग्णालयांतील सेवेसाठी अशा अनुभवी भगिनींना चाळिशीनंतरही संधी मिळावी. शासनाने याचा गांभीर्याने विचार करावा.