शिकलेले हात विसरतात तेव्हा

बँकेत असताना आमच्या शाखेच्या भिंतीवर आग विझवण्याचे नळकांडे टांगलेले असे. त्याचे प्रात्यक्षिक सर्वांनी पाहिले होते, हजेरीपटावर सह्याही केल्या होत्या. एका दुपारी मीटरबोर्डातून धूर निघाला. नळकांडे हातात घेऊन मी नुसता उभा! आधी पिन ओढायची की दांडा दाबायचा, आठवेना. शिपायाने मेन स्विच बंद केला म्हणून निभावले.

हा प्रसंग परवा पुन्हा आठवला. नातवाला सहा महिने झाले. त्याच्या जन्माआधी मुलगा आणि सूनबाई तान्ह्या बाळाचा सीपीआर शिकून आले होते; म्हणजे श्वास थांबून बाळ निपचित पडले, तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे. मी सहज विचारले, "किती वेळा दाबायचे?" मुलगा म्हणाला पंधरा, सूनबाई म्हणाली तीस. मग कोणीच काही बोलेना.

दोष त्यांचा नाही. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच ओसरू लागते, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. प्रमाणपत्र मात्र बहुधा दोन वर्षांचे! ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सीपीआर जागृती सप्ताह पाळला, हे चांगलेच झाले. पण सप्ताह संपतो, बाळ घरातच असते. शिवाय पद्धतही बदलते. त्याच महिन्यात अमेरिकन हार्ट असोसिएशनने तान्ह्यांसाठी दोन बोटांनी दाबण्याची जुनी रीत वगळली. आता दोन अंगठे किंवा तळव्याचा मनगटाकडचा भाग वापरायचा. एकट्याने करताना ३० दाब, २ श्वास. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली सुमारे ४ सेंटिमीटर, हे कायम आहे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मुदत ठेव नव्हे, आवर्ती ठेव आहे. हप्ता चुकवून चालत नाही. आणि हप्त्याच्या तारखा तर लसीकरणाच्या कार्डावर छापलेल्याच आहेत: सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने. लस टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. त्या वेळात परिचारिकेने एका बाहुलीवर आईबापांकडून उजळणी करून घेतली, तर असा कितीसा खर्च येईल? आजी-आजोबांना आणि सांभाळणाऱ्या बाईंनाही बोलवावे. दिवसभर बाळ आमच्याच हाती असते.

तोवर आमच्या घरी रविवारी कापडी बाहुली निघते. बाळावर सराव कधीच करायचा नाही. बाहुलीवर खोली नेमकी कळत नाही, पण क्रम हाताला राहतो. एकाने १०८ ला फोन लावल्याचा अभिनय करायचा, दुसऱ्याने मोजायचे. मी नोटा मोजाव्यात तसे भरभर मोजतो. गेल्या खेपेला सूनबाई म्हणाली, "बाबा, मोजताय छान, पण दाबताय कुठे?"

पुन्हा एकपासून सुरुवात केली.