‘भारी लिहिलंस भावा’ ही मैत्री नव्हे!

आपल्याकडे एखाद्या कार्यकर्त्याने कादंबरी लिहिली की हस्तलिखिताचा प्रवास ठरलेला असतो. पीडीएफ दहा मित्रांना जाते आणि दुसऱ्याच दिवशी दहा उत्तरं येतात: ‘भारी लिहिलंस भावा, जयभीम!’ तीनशे पानं एका रात्रीत वाचून होत नाहीत, हे लेखकाला कळतं आणि मित्रांनाही. तरी दोघेही खूष. मग तेच बाड प्रकाशकाकडे जातं, काही महिन्यांनी परत येतं आणि आपण म्हणतो, ब्राह्मणी व्यवस्थेने नाकारलं.

ती व्यवस्था आहेच, त्याबद्दल वाद नाही. काय छापायचं आणि कुणाची भाषा ‘शुद्ध’, हे ठरवणारे हात आजही मोजकेच आहेत. पण ज्या दारात आपली झडती दुप्पट होते, तिथे आपण न तपासलेलं लिखाण घेऊन का जातो? ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तकं आहेत, त्यांना कच्चा खर्डा वाचणारा प्राध्यापक काका घरातच मिळतो. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. लिहिणाऱ्या पहिल्या पिढीकडे ते नसतं; असतात फक्त मित्र. तेही टाळ्या वाजवून मोकळे झाले, तर तिने कुणाकडे जायचं?

‘आपल्याच माणसाच्या चुका काढल्या तर चळवळीत फूट पडते,’ असं काही जण म्हणतात. बुद्धाच्या अनुयायांनी हे म्हणावं? वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. ही विनंती संघ फोडण्यासाठी नसते. दोष दाखवतो तोच कल्याणमित्र.

मग प्रत्येक सूचना मान्य करायची का? मुळीच नाही. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं आणि त्यातला काही भाग गाळायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला. परिषदच रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतः छापलं. तेच ‘जातिनिर्मूलन’. पण याच बाबासाहेबांनी बुद्धावरच्या ग्रंथाच्या मोजक्या प्रती आधी खाजगी वाचनासाठी वाटल्या होत्या. या दोन्हींत विसंगती नाही. मांडणी पोचते का, हे विचारायचं असतं. भूमिका सोडू का, हे विचारायचं नसतं. ‘हे पात्र पटत नाही’ ही सूचना आहे. ‘जातीचा उल्लेख थोडा कमी कर’ ही अट आहे.

म्हणूनच वाचक कोण, याला महत्त्व आहे. आपले लेखक हस्तलिखित आधी सरांकडे नेतात. सर ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि बोलीतले संवाद प्रमाण मराठीत आणून ठेवतात. आमच्या वस्तीतल्या वाचनगटात एका मित्राची कादंबरी दर रविवारी थोडी थोडी वाचली. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईने विचारलं, “यातली आई नुसती रडतीच कशी? मग मोर्चाला कोण गेलं होतं?” हा प्रश्न एकाही सरांनी विचारला नव्हता. पुढच्या खर्ड्यात त्या आईला तीन नवी प्रकरणं मिळाली.

तेव्हा लेखक मित्रांनो, दहा जणांना पीडीएफ पाठवू नका. चौघांना छापील प्रत द्या, महिनाभर वेळ द्या. त्या चौघांत निदान दोन बाया असू द्या आणि एक असा वाचक, ज्याला तुमची वस्ती माहीत नाही. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. कुठे कंटाळा आला, कुठे खोटं वाटलं, कुठे वाचन थांबलं, ते विचारा. ते बोलत असताना खुलासे करू नका, लिहून घ्या. तिघांनी वेगवेगळं बसून एकाच पानावर बोट ठेवलं, तर ते पान पुन्हा लिहा.

आणि वाचक मित्रांनो, वेळ नसेल तर तसं सरळ सांगा. न वाचता दिलेली शाबासकी त्या लेखकाला एकट्यालाच महागात पडते. आपलं साहित्य नकारातून आणि विद्रोहातून उभं राहिलं आहे. निदान आपसात तरी खोटी दाद नको.

जयभीम!