आधी बुंधा दाबून पाहा

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेले पोनीटेल पाम आता पुष्कळ घरांत दिसते. काही नर्सरीवाले त्याला नोलिनाही म्हणतात. खाली कांद्यासारखा फुगलेला बुंधा आणि वर मोकळ्या सोडलेल्या केसांसारखी लांब पाने. नव्या घराच्या वेळी कुणीतरी ते प्रेमाने भेट देते. पुढे पाने पिवळी पडू लागली की घरातल्या सगळ्यांना एकच उपाय सुचतो: पाणी घाला. पुष्कळदा याच उपायाने ते मरते.

नावात पाम असले तरी हे झाड ताडामाडाच्या कुळातले नाही. घायपात आणि शतावरी त्याच्या नात्यातली. त्याचे मूळ घर पूर्व मेक्सिकोतील कोरड्या प्रदेशात. पावसाचे पाणी ते बुंध्यात साठवते आणि कोरडे महिने त्यावर काढते. त्याला रोज तांब्याभर पाणी देणे म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याच्या ताटात वाढतच राहणे.

म्हणून पाने पाहून घाबरण्याआधी आपण बुंधा अंगठ्याने दाबून पाहावा. तो टणक आणि भरलेला असेल तर झाड ठीक आहे. टणक पण सुरकुतलेला असेल, तर त्याला खरोखर तहान लागली आहे. भरपूर पाणी द्यावे, काही दिवसांत तो पुन्हा भरू लागतो. मात्र बुंधा मऊ लागत असेल, मातीला कुबट वास येत असेल, तर मुळे कुजत आहेत. अशा वेळी पाणी ताबडतोब बंद.

पानांचे निरोप वेगवेगळे असतात. खालचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे हा त्याच्या वाढीचाच भाग आहे. फक्त टोके तपकिरी झाली, तर कोरडी हवा, अनियमित पाणी किंवा मातीत साठलेले खत-क्षार ही कारणे असू शकतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर ती पिठ्या ढेकणाची कीड. ओल्या फडक्याने पुसून साबणाचे सौम्य पाणी लावावे. पण मधला कोवळा तुरा ओढताच हातात आला, तर कूज शेंड्यापर्यंत पोहोचली आहे.

मुळे कुजली असतील तर झाड कुंडीतून काढून माती झटकावी. काळी, लिबलिबीत मुळे स्वच्छ सुरीने कापावीत. उरलेले झाड सावलीत काही दिवस ठेवून कापलेला भाग कोरडा होऊ द्यावा. मग निम्मी माती व निम्मी जाडी वाळू घेऊन, तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावावे. कुंडी बुंध्यापेक्षा थोडीच मोठी हवी. पहिले पाणी आठवड्याने. संपूर्ण बुंधा मऊ झाला असेल तर मात्र उपाय नाही. उलट शेंडा गेला आणि बुंधा टणक राहिला, तर झाड फेकू नये. बाजूने नवे कोंब येऊ शकतात.

एरवी माती खोलवर वाळली की मगच पाणी द्यावे. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी, पावसाळ्यात महिन्याने एकदाही पुरते. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत पाणी साचू देऊ नये. तांदूळ किंवा गोश्त धुतलेले पाणी आणि चहाचा चोथा याला नको. जागा भरपूर उजेडाच्या खिडकीजवळची हवी. अंधाऱ्या कोपऱ्यात माती लवकर वाळत नाही, आणि तिथेच पाणी जास्त होते.

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण असते. सकाळी दादी पाणी घालतात, दुपारी सून, संध्याकाळी शाळेतून आलेले मूल हौसेने. प्रत्येकाने थोडेच घातलेले असते आणि प्रत्येकाला वाटते, आपण झाड जपले. आमची सूचना साधी आहे. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे, शक्यतो मुलांपैकी कुणाकडे. पाणी देण्याआधी त्याने मातीत काडी खुपसून ओल पाहावी, बुंधा दाबावा आणि पाणी दिले त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी. न देण्याचे दिवसही सांभाळावे लागतात, हे त्याला त्या खुणांवरूनच कळेल.