एका दांड्यामागची तीन कामे

डहाणू तालुक्यातले वरोर आता महामार्गाच्या नकाशावर आले आहे. वाढवण बंदराला दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता वरोरपासून तव्यापर्यंत जाणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्याआधी कित्येक वर्षांपासूनचा आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना अजून मिळालेले नाही. त्यातच वाढवणजवळ विमानतळ उभारण्याचा मानसही राज्य सरकारने जाहीर केला आहे. असे प्रकल्प आले की स्थानिकांना नोकऱ्या देण्याची भाषा होते, पण त्या नोकऱ्या बहुधा गेटवरच्या आणि सामान उचलण्याच्या असतात. किनाऱ्यावरच्या मुलामुलींनी थेट कॉकपिटमध्ये बसायचे ठरवले, तर त्यांना तिथे काय शिकवले जाणार आहे, हे आताच विचारायला हवे.

त्यांच्यातल्या अनेकांची वाट अमरावतीहून जाईल. बेलोरा विमानतळावर एअर इंडिया वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारत आहे. वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी कंपनीने ३४ विमानांची मागणी नोंदवली आहे: एका इंजिनाची ३१ पायपर आणि दोन इंजिनांची ३ डायमंड. ही विमाने एटीएफवर, म्हणजे मोठ्या प्रवासी विमानांच्याच इंधनावर चालतात. त्यांच्या कॉकपिटमधला महत्त्वाचा बदल मात्र उजव्या हाताशी आहे. तिथे प्रत्येक इंजिनासाठी एकच दांडा असतो.

जुन्या धाटणीच्या, पंख्याची पाती फिरवता येणाऱ्या विमानात असे तीन दांडे असतात. काळ्या मुठीचा थ्रॉटल इंजिनाची ताकद कमी-जास्त करतो. निळ्या मुठीने पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो. लाल मुठीने हवा आणि इंधन यांचे प्रमाण ठरते. अंधारातही हाताला फरक कळावा म्हणून मुठींचे आकारही वेगळे ठेवलेले असतात. उंचीवर हवा विरळ झाली की लाल दांडा मागे घ्यायचा, उतरताना पुन्हा पुढे करायचा. उतरणे ऐनवेळी रद्द करून पुन्हा वर जायचे झाले, तर तिन्ही दांडे योग्य जागी हवेत. हे सगळे करताना वैमानिकाची नजर धावपट्टीवर असते आणि कान रेडिओकडे असतात.

हे ओझे कमी करण्याची धडपड जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानातील बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनावर ‘कोमांडोगेरेट’ नावाची यंत्रणा बसवलेली होती. वैमानिकाने एक दांडा पुढे ढकलला की इंधनाचे मिश्रण, पात्यांचा कोन, ठिणगीची वेळ, सुपरचार्जरचा वेग हे सारे ती तेलाच्या दाबावर आणि यांत्रिक जोडण्यांवर आपोआप जुळवून घेई. २३ जून १९४२ रोजी आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधील पेम्ब्रीच्या तळावर उतरला, आणि असे एक धडधाकट विमान ब्रिटिशांच्या हाती आयते लागले. आज तेच काम इंजिनावरचा संगणक करतो.

एका दांड्यामुळे वैमानिक आळशी होतात, अशी तक्रार जुन्या पिढीकडून ऐकू येते. ती मान्य करण्याजोगी नाही. नवख्या हाताने ऐनवेळी चुकीचा दांडा ओढण्याची शक्यताच उरत नसेल, तर तो निखळ फायदा आहे. शिवाय या मुलांना पुढे जी एअरबस किंवा बोइंग चालवायची आहे, तिथेही दर इंजिनाला एकच दांडा असतो. प्रश्न दांड्यांच्या संख्येचा नाही. काढून टाकलेल्या दोन दांड्यांचे काम आता कोण करते, कशाच्या जोरावर करते आणि ते बंद पडले तर काय, हा आहे.

जर्मनीतल्या श्पायर येथे ४ मार्च २००७ रोजी त्याचे उत्तर फार कठोरपणे मिळाले. तिथल्या डायमंड डीए-४२ विमानाची बॅटरी उतरलेली होती, म्हणून इंजिने बाहेरून वीज देऊन सुरू केली गेली. उड्डाणानंतर चाके आत घ्यायला सुरुवात होताच विजेचा दाब घसरला. दोन्ही इंजिनांचे संगणक एकदम कोलमडले, पंखे थांबले आणि विमान खाली आले. दोन्ही दांडे त्या वेळी जागच्या जागी होते. त्यानंतर या संगणकांसाठी वेगळी राखीव बॅटरी बसवणे सक्तीचे झाले.

आपल्याकडची आठवण याहून दुखरी आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान बंगळुरूच्या धावपट्टीआधीच कोसळले. १४६ जणांपैकी ९२ दगावले. या विमानात स्वयंचलित यंत्रणा इंजिनाची ताकद वाढवते-घटवते, तेव्हा दांडे जागचे हलत नाहीत. त्या दिवशी इंजिने अगदी मंद चालत होती आणि वेग घसरत होता. वैमानिकांना ते उशिरा उमगले. त्यांनी दांडे पूर्ण पुढे केले, पण जेट इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात आणि तेवढे सेकंद उरले नव्हते. दांड्याची जागा पाहून इंजिनाची अवस्था ओळखण्याचे दिवस तेव्हाच संपले होते. काट्यांकडे आणि वेगाकडे सतत पाहण्याची सवय पहिल्या विमानापासूनच लागायला हवी.

ती लावण्याची सोय या नव्या विमानांतच आहे. उड्डाणापूर्वी वैमानिक एक चाचणीचे बटण दाबून धरतो. संगणकाचा एक भाग काम सोडतो, दुसरा ते उचलतो, पंख्याचे फेरे आपोआप घटतात, वाढतात, आणि हाताशी असलेला दांडा तसूभरही हलत नाही. विद्यार्थ्याला नुसती चाचणीचा दिवा विझण्याची वाट पाहायला शिकवता येते किंवा प्रत्येक फेरबदल काट्यावर पाहून मोठ्याने सांगायला शिकवता येते. पहिल्या पद्धतीत फक्त तपासणी यादीवर खूण होते. दुसऱ्या पद्धतीत त्याला इंजिन कळते.

म्हणून अमरावतीच्या संस्थेने आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तीन गोष्टी अभ्यासक्रमात सक्तीच्या कराव्यात. उतरलेली बॅटरी, घसरलेला वीजदाब आणि संगणकातला बिघाड यांचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने उड्डाण करण्याआधी सिम्युलेटरवर करावा. श्पायर आणि बंगळुरूच्या अपघातांचे अहवाल वर्गात पानोपान वाचले जावेत. आणि परवाना हाती पडण्यापूर्वी प्रत्येकाने तीन दांड्यांच्या विमानात, प्रशिक्षक शेजारी असताना, काही तास तरी लाल आणि निळी मूठ स्वतः हलवून पाहावी. त्यासाठी अशी दोन-तीन जुनी विमाने ताफ्यात ठेवावी लागतील आणि त्यांचे वेगळे इंधनही साठवावे लागेल. ३४ विमाने घेणाऱ्या संस्थेला हा खर्च झेपण्यासारखा आहे, आणि तो शुल्कात न मिळवता संस्थेने स्वतः उचलावा.